आईनं दिलेलं मत

काल मत देऊन आले आणि बोटावरच्या शाईचा तो उग्र वास नाकात शिरला. नव्वदच्या दशकात आम्ही सुरतेत गोडादऱ्याला राहायचो. वडील कापडाच्या लूमवर कामाला होते. आईचं मत तोवर खानदेशात, गावाकडे होतं. एका विधानसभेच्या निवडणुकीला तिचं नाव पहिल्यांदाच सुरतेच्या यादीत आलं. लग्नातली साडी नेसून ती गेली, शिक्का मारून आली. कोणाला दिलं, असं वडिलांनी विचारलं तर हसून आमच्या अहिराणीत म्हणाली, "तुमले कसाले सांगू?" त्याच आठवड्यात तिला ताप भरला; मतमोजणी व्हायच्या आधीच तो डोक्यात गेला आणि ती गेली. शेवटची आंघोळ घालताना मावशी तिच्या बोटावरची शाई घासायला लागली, तर वडील म्हणाले, "राहू दे." निकालाच्या संध्याकाळी नव्या आमदाराची मिरवणूक आमच्या गल्लीत शिरली. घरात दुखवटा म्हणून शेजारी ढोल थांबवायला धावले, पण वडिलांनीच त्यांना अडवलं. गुलालानं माखलेल्या त्या अनोळखी माणसाकडे बघत त्यांनी मला हळूच विचारलं, "तिनी ज्याले मत दिधं, तो हाऊच व्हई का वं, माय?" आता वडीलही नाहीत. काल नवऱ्यानं सहज विचारलं, कोणाला दिलंस, तेव्हा मी लगेच सांगून टाकलं.