सासऱ्यांनी दाखवलेलं डहाणू

लग्न आमच्याकडे, जालन्याला झालं होतं. त्यामुळे सासरवाडीला मी पहिल्यांदा निघालो तो लग्नानंतरच. बायकोचं माहेर सायवनच्या एका पाड्यावर, भात आणि नागली पिकवणारं घर. मोबाइलवर नकाशा पाहिला तेव्हाच लक्षात आलं की सायवनला जायला डहाणूला जायची गरजच नाही. आम्ही राहतो नाशिकला. तिथून एसटी जव्हारमार्गे कासाला येते आणि कासाहून सायवन जवळ. मी फोनवर सासऱ्यांना म्हटलं की आम्ही कासालाच उतरतो. ते म्हणाले, "जावयाला नाक्यावर उतरवून घेत नाहीत. डहाणूपर्यंत या. मी शहरात घ्यायला येतो."

तेव्हा आम्ही कासा मागे टाकलं, चारोटीला हायवे ओलांडला, रानशेतही गेलं, आणि ज्या रस्त्यानं परत यायचं होतं त्याच रस्त्यानं डहाणूला पोचलो. कासाला बायकोनं खिडकीतून मला तिच्या गावाकडे जाणारा फाटा दाखवला होता. तो मागे पडेपर्यंत आम्ही दोघं त्याच्याकडे बघत होतो.

सासरे स्टँडवर उभे होते. अंगात नवा पांढरा शर्ट, दुकानातल्या घड्या अजून न मोडलेला. माझी बॅग त्यांनी हातातून काढूनच घेतली. मी परत मागितली तर त्यांना ते ऐकूच आलं नाही, आणि नंतर दिवसभर ज्या ज्या वेळी मी ती मागितली त्या त्या वेळी त्यांचे कान असेच जात राहिले. जावयाला डहाणू दाखवल्याशिवाय घरी न्यायचं नाही, हे त्यांनी आधीच ठरवलेलं होतं. डहाणू म्हणजे त्यांच्या पायाखालचं, असं बायकोनं मला सांगितलं होतंच.

ते खरं होतं. फक्त शेतकऱ्याचे पाय शहरात कुठं कुठं जातात याचा विचार मी केला नव्हता. त्यांनी आधी तहसील कार्यालय दाखवलं. तिथल्या झाडाखाली बसून सातबाऱ्याची वाट कशी बघायची, कुठल्या बाजूला सावली टिकते, हे समजावलं. मग कोर्ट दाखवलं. इथं त्यांची बांधाची केस चालली होती आणि शेजारी अजून बोलत नाही, हे त्यांनी वाघाची शिकार सांगावी तसं सांगितलं. मग खताचं दुकान. मग एक दवाखाना, जिथं माझ्या बायकोचा जन्म झाला होता. तो बंद होऊन आता तिथं मोबाइलचं दुकान होतं. तरी त्यांनी मला समोर उभं करून, "इथंच, त्या काउंटरच्या जागी," असं बोट दाखवून सांगितलं. दुकानदाराला वाटलं आम्हाला काउंटरवरचा फोन हवा आहे. त्यानं तो काढून दिला. मी उगाच किंमत विचारली.

ऊन वाढलं तशी बायको म्हणाली की बाबा, याला समुद्र तरी दाखवा, लोक लांबून येतात तो बघायला. सासऱ्यांना समुद्रात दाखवण्यासारखं काही वाटत नव्हतं. पण मुलीनं म्हटलं म्हणून त्यांनी रिक्षा थांबवली. रिक्षावाला हिंदीत बोलला. मी माझ्या जालन्याच्या हिंदीत उत्तर दिलं. सासरे मोडक्या गुजरातीत बोलले, कारण डहाणूच्या बाजारात गुजराती बोललं की दुकानदार खुर्ची देतो, असा त्यांचा अनुभव. रिक्षावाला मग गुजरातीत बोलू लागला. बराच वेळ कुणालाच काही कळेना तेव्हा बायकोनं मराठीत विचारलं की भाऊ, तुम्ही कुठले. तो तलासरीकडचा, झरीचा निघाला, आणि आम्हा सगळ्यांपेक्षा चांगलं मराठी बोलला.

समुद्र म्हणजे कुठला, पारनाक्याचा की पुढं नरपड-चिखल्याकडचा, असं त्यानं विचारलं. सासऱ्यांनी जावयासमोर क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "नेहमीचा."

रिक्षावाल्याच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांचा समुद्र म्हणजे चिकूच्या वाडीतलं एक रिसॉर्ट होतं. त्यानं आम्हाला गेटवर सोडलं आणि तो निघून गेला. वॉचमननं बुकिंग विचारलं. सासरे म्हणाले, "जावई आहेत." यापेक्षा मोठं बुकिंग त्यांच्या माहितीत नव्हतं. वॉचमननं माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, त्यांच्या उन्हानं रापलेल्या हातातल्या बॅगेकडे, आणि त्याला सगळा उलगडा झाला. तो म्हणाला, "कार्यक्रमवाले ना? मग मागच्या गेटनं या."

मला राग आला आणि मी तोंड उघडलं, पण बायकोनं माझा हात दाबला. सासरे शांतपणे मागच्या गेटकडे चालू लागले होते. त्यांचा हिशेब साधा होता. समुद्र आत आहे, गेट उघडं आहे.

आत आम्हाला खुर्च्या मिळाल्या, चहा मिळाला, कांदाभजी मिळाली. समोर ओहोटी लागलेला समुद्र लांबवर गेलेला, आणि मुंबईहून आलेली माणसं चिखलात त्याला शोधत हिंडत होती. सासऱ्यांनी बशीत चहा ओतला आणि बराच वेळ समुद्राकडे बघत राहिले. मॅनेजर येऊन घाईनं म्हणाला की साडेचारला पाहुणे जमतील, तारपा कुठाय. तारपा म्हणजे दुधी भोपळ्याचं लांब वाद्य, त्याच्या सुरावर आमच्या सासरवाडीकडे नाच धरतात. सासऱ्यांनी चहा संपवला आणि सांगितलं, "तारपा मागनं येतोय."

मी घाबरून बायकोकडे पाहिलं. ती भजी खात होती. पण त्यांचं म्हणणं खोटं ठरलं नाही. थोड्या वेळानं जीपमधून खरी मंडळी आली, आणि तारपा वाजवणारा म्हातारा सासऱ्यांना बघून जागीच थांबला. तो त्यांच्या आत्याच्या पाड्यावरचा होता. इथं कसा, असं त्यानं विचारलं. सासऱ्यांनी मला पुढं केलं. जावई आलेत म्हटल्यावर म्हातारा म्हणाला की मग आज मनापासून वाजवतो, रोज काय, पाहुण्यांसाठी वाजवतोच.

आणि त्यानं वाजवलं. सासऱ्यांनी पहिल्यांदाच माझी बॅग खाली ठेवली आणि नाचणाऱ्यांच्या साखळीत शिरले. बायको त्यांच्या शेजारी गेली. नाशिकच्या ऑफिसात ती इतकी हळू बोलते की लोक तिला परत विचारतात. इथं तिची टाच जमिनीवर पडली की मागचा माणूस ताल धरत होता. तिनं मला ओढून घेतलं. मी इस्त्रीच्या पँटीत, बुटांत, सगळ्यांच्या उलट पायावर नाचू लागलो. पाहुणे मोबाइल धरून गोल उभे राहिले. एक बाई सासऱ्यांचा व्हिडिओ घेत सोबतच्यांना सांगत होत्या की यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघा, या लोकांना काही लागतच नाही. सासऱ्यांना या वर्षी खत, ताडपत्री आणि विहिरीवर मोटर लागत होती, पण त्या क्षणी ते खरंच खूश होते, त्यामुळे बाईंशी वाद घालणं अवघड होतं.

मग मॅनेजर माझ्याजवळ आला आणि अदबीनं कानात म्हणाला, "सर, जरा बाजूला व्हाल का? फोटोत ओरिजिनल वाटत नाही."

मी बाजूला झालो. ते माझं सासर होतं, पण फोटो त्याचा होता.

परत निघालो ते मंडळींच्याच जीपमध्ये. त्यांना कासाच्या पुढं जायचं होतं. सगळे दाटीवाटीनं बसलो. सासऱ्यांचा शर्ट आता घामानं भिजून अंगाला चिकटला होता, आणि सकाळपासून मला जावईसाहेब म्हणणारे ते आता माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बोलत होते. गाडी आशागडच्या पुढं आल्यावर ते हळूच म्हणाले, "तुम्हाला काय दाखवावं हाच घोर होता. आमच्याकडं बघण्यासारखं काय असतं?"

मी म्हटलं की नाच मला शिकवा, माझा पाय चुकतो. ते म्हणाले की पाय चुकत नाही, तुम्ही खाली बघता, खाली बघून कुणाला नाचता येत नाही. म्हातारा तारप्याला मांडीवर घेऊन झोपला होता. तो डोळे न उघडताच म्हणाला की बूटही काढायचे असतात.

घरी पोचलो तेव्हा सासूबाई दारात तांब्या घेऊन उभ्या होत्या. आम्ही कासाला उतरलो असतो तर दुपारच्या जेवणाला पोचलो असतो, हे त्यांनी नवऱ्याला सगळ्या पाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. मग माझ्या पायावर पाणी घातलं, आणि आत जाऊन गार झालेलं कालवण पुन्हा चुलीवर ठेवलं.