आप्पांचा पुढचा शब्द

आप्पा कुठलीही फाईल आधी फक्त वाचण्यासाठी उघडत. धाटावच्या कंपनीत आम्ही एकाच शिफ्टला होतो. यंत्रांच्या नोंदींची लांबलचक फाईल ते वाचन-मोडमध्ये लावत, हवा तो शब्द शोधायला टाकत आणि मग ‘एन’ दाबत पुढे पुढे जात. मागे यायचं तर शिफ्टची कळ धरून एन. मी तिथे काही टाइप करायला गेलो, की स्क्रीन भलतीकडेच उडी मारायची. आप्पा हसायचे. ‘‘अरे, इथं अक्षर लिवत नाय, पळवतं. बघायला आलास ना? मंग बघ.’’

निवृत्तीनंतर कासूला घरी बसून त्यांनी नवाच नाद धरला. त्यांची आई मिठागरावर राबलेली. तिच्या तोंडचे शब्द ते एका फाईलमध्ये लिहू लागले. प्रत्येक शब्दापुढे ती बोलायची तसं एक वाक्य. मी पेणला जाता-येता उतरलो, की चहाच्या आधी नवा शब्द ऐकावा लागे. ‘‘आई गेली, पन तिचं बोलनं कशाला जाऊ देऊ?’’ म्हणायचे.

मग आप्पांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ‘‘न... न...’’ एवढंच उरलं. पुण्याहून आलेल्या त्यांच्या मुलीने, सुनंदाने, मला बोलावून घेतलं. ‘‘काका, बाबा सारखे कॉम्प्युटरकडे हात करतात. काय हवंय ते कळतच नाय.’’

मी ती शब्दांची फाईल उघडली. आप्पांनी डाव्या हाताने कळा दाबल्या आणि स्क्रीन उड्या मारू लागली. वाचन-मोड! मला वाटलं, अडचण एवढीच आहे. मी लिहिण्याची सोय चालू केली. आता अक्षरं उमटली, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. आप्पांनी ती पाहिली आणि डोळे मिटून घेतले.

मी ती अक्षरं पुसली, पुन्हा वाचन-मोड लावला. त्यांच्या ‘न... न’वरून अंदाजाने ‘नको’ शोधलं. आप्पांनी बोट ‘एन’वर ठेवलं. एक ‘नको’. पुढचं ‘नको’. त्याच्या पुढचं. एका ओळीवर ते थबकले, पण बोट उचलायच्या आत कळ पुन्हा दाबली गेली आणि ओळ निसटली. मागे यायला दोन कळा एकदम धराव्या लागतात. ते त्या एका हाताला जमेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ओळ मागे आणली.

‘गो’ या शब्दापुढे लिहिलेलं होतं : ‘जाऊ नको गो पोरी.’

सुनंदाची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. तिने वाक्य वाचलं आणि खालीच बसली. ‘‘बाबा, रजा संपली हो माझी. मंग तुमी चला ना माझ्याबरोबर पुण्याला!’’

‘‘न... न...’’

त्या दिवशी ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी गेली. स्टेशनवर मीच तिला पोचवलं. गाडी दिसू लागली तेव्हा म्हणाली, ‘‘काका, बाबा परत बोलतील ना?’’

मी ‘व्हय’ म्हणालो. दुसरं काय म्हणणार?