मामांच्या रुमालावरचं रक्त

मोंढ्यात नवी हळद आली की हिंगोलीभर वास सुटतो. परवा तोच वास खिडकीतून आला, तेव्हा टीव्हीवर माझे मामा मरत होते. मामा सिनेमात, मालिकांत कुणाचे तरी म्हातारे बाप व्हायचे आणि खोकत, रुमाल लाल करून मरायचे. ते रक्त आमच्या घरचं. आई हळदीत चुना कालवायची, लालभडक रंग व्हायचा, आणि बाटली भरून भावाला द्यायची.

मी दहा वर्षांची असताना मामा राहायला आले होते. त्यांचे कपडे धुवायला काढताना आईच्या हाती लाल डागांचा रुमाल आला.

"दादा, हे काय वो?"

"तुझीच हळद हाय की, बाई. शूटिंगात लागली," मामा हसले.

आईला ते पटलं. मी मात्र रुमाल नाकाला लावला. हळदीचा वास कपड्यातून आठ-आठ दिवस जात नाही, हे हिंगोलीच्या पोरीला शिकवावं लागत नाही. रुमालाला तो वास नव्हताच.

"काय हुंगून राहिली गं?" मामांचं हसू मावळलं होतं.

"काही न्हाई," म्हणत मी रुमाल बादलीत बुडवला.

पुढच्याच वर्षी मामा खरंच गेले. "कुणाला कळूच दिलं न्हाई," असं आई अजून म्हणते. मी अजून गप्प आहे.

परवा टीव्हीवर मामा खोकले, रुमाल लाल झाला. "बघ, माझीच हळद हाय ती," आई कौतुकानं म्हणाली. मी उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेले. पण पडद्याला वास नसतो.