विहिरीवर धुतलेला पुढारी

टीव्हीवर हल्ली पुढाऱ्यांची टर उडवणारं कार्टून लागतं. नातवंडं खो-खो हसतात, मी उठून आत जाते. त्यांना वाटतं, म्हातारीला विनोद कळत नाही. कळतो हो, चांगला कळतो! तसलं कार्टून आमच्या वसईच्या वाडीत बनत होतं, टीव्ही कशाशी खातात हे कुणालाच ठाऊक नव्हतं तेव्हा.

बनवत होता माझा थोरला भाऊ. स्वराज्य नवंनवं होतं, पुढारीही नवेनवे. दादाचा पुढारी ढेरपोट्या, कोरड्या विहिरीचं उद्घाटन करणारा. बादली रिकामी वर येते, तरी हा गटागटा पाणी प्यायल्याचं सोंग करतो आणि लोक टाळ्या पिटतात. मुंबईच्या एका थिएटरवाल्यानं शब्द दिला होता, जमलं तर मोठ्या सिनेमाआधी दाखवीन आणि तुला कामावर ठेवीन. बाबांनी बजावलेलं, "एवढं एक होऊ दे तुझ्या मनासारखं. नाही जमलं तर गुपचूप पानवेलींना लाग."

सेल्युलॉइडचे पारदर्शक ताव अगदी मोजके. दादा त्यांवर चित्रं काढायचा, मी रंग भरायचे, मागून आणलेल्या कॅमेऱ्यानं तो एकेक चित्र टिपायचा. मग मी ते ताव विहिरीवर धुऊन परत द्यायचे, पुढच्या चित्रांसाठी. माझा जीव तुटायचा. "वेडाबाई, तो आता रिळात गेलाय," दादा म्हणायचा. एवढ्या हौसेनं रंगवलेली ढेरी केळीच्या पाटात वाहून जायची.

भरलेली रिळं सगळी एकदम मुंबईला डेव्हलप करायला पाठवायची होती. तोवर उजेड लागू नये म्हणून दादानं ती डब्यात घालून केळी पिकवायच्या कोठीत ठेवली. घरात तेवढी काळोखी जागा दुसरी नव्हती. पण घड पिकावेत म्हणून तिथं विस्तव असायचा, धूर असायचा. काळोखाचा विचार झाला, धगीचा कुणीच केला नाही. आम्ही वाडीतली माणसं. त्या कोठीत ठेवलेलं पिकतं, नासत नाही, एवढंच आम्हाला माहीत.

रिळं परत आली ती नुसती धुरकट. पुढारी नाही, विहीर नाही, काही नाही. दादा किती तरी वेळ ती उजेडात धरून बघत होता.

"परत काढ की," बाबा म्हणाले. बाबा! "मी थांबतो."

"नाही बाबा. हात उठायचा नाही आता."

शेवटच्या प्रसंगाचे ताव तेवढे धुवायचे राहिले होते. पुढारी गळ्यात हार घालून निघालाय, मागे वळून हात हलवतोय. दादा ते घेऊन विहिरीवर बसला. मी त्याचा हात धरला. "राहू दे ना रे, एवढा तरी राहू दे!"

"सोड, बाय."

कडा चोळचोळून धुतले मेल्यानं. मी तिथंच बसून रडले.

दुसऱ्या दिवशी तो वेली बांधायला गेला. कोरे ताव आईनं फडताळातल्या लोणच्याच्या बरण्यांवर बांधले. छान आरपार दिसायचं, आतल्या फोडीसुद्धा. दादा जन्मभर त्या फडताळाकडे पाठ करून जेवायला बसला.