फादरनी दिलेला शब्द

एन्नोर गावातल्या चर्चच्या फादरनी मला फसवलं.

आज नात नेलपॉलिश पुसत होती. त्या वासाने फिल्म जोडायचं सोल्युशन आठवलं, आणि कोळीवाड्यातला माझा सिनेमाचा तंबू.

गावाला दाखवण्याआधी प्रत्येक सिनेमा फादर एकटे बघत; त्यांनी हात वर केला की तेवढं कापायचं. त्या दिवशी पडद्यावरच्या ननने चुंबन घेतलं आणि त्यांनी हात वर केला.

"फादर, चुंबन कापतो. तिचं रडणं तेवढं राहू द्या."

"देवाशीही घासाघीस करशील तू," ते हसले. "काप. मग मी काही बोलणार नाही."

मी कापलं. रविवारी त्यांनी चर्चमध्ये सांगितलं, हा सिनेमा बघणं पाप आहे. तंबूकडे कुणी फिरकलं नाही. पुढे तो मोडावाच लागला.

आता नात तोच सिनेमा फोनवर अख्खा बघते, जांभया देत. माझाही राग थकलाय. पण फादरच्या जागी आज जे असतील, त्यांनी सांगावं: दिलेला शब्द मोडणं पाप नव्हतं का?