मावशीची घागर

ज्या विहिरीच्या ओट्यावर मला पाय ठेवू दिला नाही, त्या विहिरीत औषध टाकलं, असं मी लिहिलं. खाली सही केली. सही माझी. चूक माझी. पुढचं सगळं त्या सहीतून निघालं.

मी तेव्हा नागपूरला सार्वजनिक आरोग्य शिकत होतो. महाराचा पोरगा, वर्गात एकटाच. पाण्याचा पेला वेगळा, बाक शेवटचा. पण आमचे प्रोफेसर म्हणायचे, "जंतूंना जात नसते." ते वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. मला वर्गात घेतलं ते त्यांनीच. मी त्यांना बापाच्या जागी मानत होतो.

उन्हाळ्यात आसेगावच्या बाजूला पटकीची साथ आली. प्रोफेसर आम्हाला कामासाठी तिकडे घेऊन गेले. जऊळक्याला आगगाडीतून उतरलो, तिथून बैलगाडी. माझ्या वाट्याला माझंच गाव आलं. मला आनंद झाला होता. खाकी कोट घालून मी गावच्या मोठ्या विहिरीकडे निघालो. हातात विहिरीत टाकायच्या लाल दवेची, पोटॅशियम परमँगनेटची, पुडी.

पाटील ओट्यावर बसले होते.

"काहून रे, कुठी चाल्ला?"

"विहिरीत दवाई टाकाची हाय, पाटील. सरकारी हुकूम हाय."

"दवाई सरकारची असन. पर हात त कोनाचा हाय?"

पाणी भरणाऱ्या बायका हसल्या. पाटील म्हणाले, "पुडी ठेव तिथं खाली. आमचा गडी टाकन."

मी वाकून पुडी जमिनीवर ठेवली. कोट घातलेल्या माणसानं.

दुपारी परत गेलो. पुडी तिथंच होती, दोरासुद्धा सुटला नव्हता. बादलीतून येणारं पाणी अगदी बिनरंगी. दवा पडली असती तर गुलाबी दिसलं असतं. ओट्यावर एक बाई धोतरं धूत होती. पोहरादेवीच्या जत्रेहून आलेला पाटलांचा पाहुणा जुलाबानं आडवा पडला होता, त्याची ती धोतरं. घाण पाणी परत विहिरीत झिरपत होतं. मी धावत शाळेत गेलो. प्रोफेसरांचा मुक्काम तिथं होता. सगळं सांगितलं.

ते जेवत होते. म्हणाले, "नोंदवहीत टाकली असं लिही. गावाशी भांडायला आलो नाही आपण."

"पण सर, टाकली नाही."

"तुला पास व्हायचं आहे ना?"

मी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी महारवाड्याचा झिरा. नाल्याच्या वाळूत खणलेला खड्डा, त्यात पाणी पाझरायचं. तिथं कोण अडवणार मला? स्वतःच्या हातानं दवा टाकली. पाणी लाल झालं. माझी मावशी घागर घेऊन उभी होती. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. बाजूला तिची मुलगी गिरजा, माझ्या पाठची.

"हे पानी आज पेऊ नको, मावशे," मी म्हणालो. दवा टाकल्यावर एक दिवस ते पाणी पिऊ नये, असा नियम होता.

"मंग काय पेवावं रे, बाप्पा?"

"मोठ्या विहिरीचं." नोंदीप्रमाणे ती कालच शुद्ध झाली होती.

विहिरीवर आमच्या बायकांनी ओट्याखाली, दूर अंतरावर घागर ठेवायची आणि कोणी दयावंत भेटेपर्यंत "पानी वाढा जी, माय" म्हणत राहायचं. वरून ओततील तेवढं आपलं. मावशीला ते नको वाटायचं. तिनं विचारलं, "तिथं दवाई टाकली काय?"

खरं सांगितलं असतं तर नोंदवहीतली नोंद खोटी ठरली असती.

"टाकली," मी म्हणालो.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी गिरजा पटकीनं गेली.

नागपूरला प्रोफेसरांनी भरल्या वर्गात अहवाल वाचला. विहीर आदल्या दिवशीच शुद्ध केली होती. झिराही शुद्ध केला होता. म्हणजे रोग महारवाड्यातल्या अस्वच्छ भांड्यांतून पसरला. मग माझ्याकडे बोट केलं, "हा तिथलाच आहे. नोंद यानंच केली आहे. खरं ना?"

चाळीस डोकी मागे वळली.

"हो, सर."

मी नंतर त्यांच्या खोलीत गेलो. म्हणालो, "तुम्हीच लिहायला सांगितलं होतं."

"मी?" त्यांनी चष्मा पुसला. "सही कोणाची आहे?"

वहीचं पहिलं पान मी त्या दिवशी फाडलं. प्रमाणपत्र मात्र घेतलं. आरोग्य खात्यातली नोकरीही घेतली. त्यांनी मला फसवलं, हे मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत राहिलो. मी कोणाला फसवलं, ते सांगत नव्हतो.

परवा गावी गेलो. मावशी आता म्हातारी झाली आहे. दारात बसून घागर घासत होती. तीच घागर. राखेनं घासून घासून तळ कागदासारखा झालेला, एका जागी भोक, त्यात लाख भरलेली.

"किती घासतं, मावशे?"

"घासाच लागते रे. माह्याच भांड्यात घान होती ना. सरकारी कागदात आलं होतं म्हने." मग हसली. "तुले त मालूमच हाय. तूच शिकेल हायेस."

वीस वर्षं ती बाई आपल्याच पोरीची मारेकरीण होऊन घागर घासत होती. माझ्या सहीमुळे.

मी वाशीमला आरोग्य खात्याच्या कचेरीत गेलो. जुनी नोंद खोटी आहे, असं लिहून दिलं, नावानिशी. नोकरी जाईल तर जावो. इथून पुढं ज्या पाण्याला माझा हात लागला नाही, त्याच्याखाली माझी सही नाही. मग कोणीही सांगो.

गावी परतलो आणि सकाळी पाणी भरायच्या वेळेला मी मोठ्या विहिरीच्या ओट्यावर चढलो. बायका मागे सरल्या. पाटलाचा मुलगा धावत आला.

"उतर खाली! सायेब असशीन तुह्या कचेरीत!"

मी उतरलो नाही. पुडी फोडली आणि माझ्या हातानं दवा विहिरीत सोडली. पाणी गुलाबी होत गेलं. खाली, नेहमीच्या जागी, मावशी घागर घेऊन उभी होती. सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मी बोललो.

"मावशे, तुही घागर साफ होती. दवाई ह्या विहिरीत पडलीच नव्हती. मले मालूम होतं, तरी मी तुले टाकली म्हनलं. गिरजा माह्या खोट्यानं गेली. मले माफ कर."