पार्किंगचं विचारत होता

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. आईपाशी नाही, नवऱ्यापाशी नाही, आणि ज्याच्यापाशी बोलायला हवं होतं त्याच्यापाशी तर नाहीच. मग तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही भूषणला ओळखत नाही — म्हणूनच असेल.

सुरतेत गाणं म्हणजे गरबा. नवरात्रात अख्खं शहर गोल फिरतं आणि उरलेलं वर्ष पुढच्या नवरात्राची वाट बघतं. अशा गावात दोन पोरं स्वतः लिहिलेली, स्वतः चाल लावलेली गाणी घेऊन उभी राहिली, तर ऐकायला कोण येणार? वेसू भागातल्या एका कॅफेत कॉफी प्यायला आलेली माणसं, जी मध्येच ‘जरा अवाज धीमो करो ने’ म्हणायची. आणि मी.

बँडचं नाव ‘कांडी’. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, धोट्यात सुताची जी गुंडाळी बसते ती कांडी. गाणी लिहायचा आणि गायचा तो भूषण. त्याचे वडील लूमवर होते, माझेही. दोन्ही घरं खानदेशातून आलेली, दोन्ही घरांत अहिराणी. ड्रमवर जिग्नेश होता. नवरात्र आली की हा आम्हाला सोडून गरब्यात वाजवायला जायचा, आणि मी त्याच्याशी आठवडाभर बोलायची नाही. जशी काही माझीच फसवणूक झाली होती!

त्यांचं एक गाणं अहिराणीत होतं. रातपाळी करून आलेला बाप दिवसा झोपतो आणि सगळं घर कुजबुजत राहतं, असं काहीसं. आमचं घर तेच होतं हो. एक खोली, वडील झोपलेले, आम्ही भावंडं चपला हातात घेऊन जिन्यापर्यंत अनवाणी जायचो. बरीच मोठी होईपर्यंत मला वाटायचं, सगळीच घरं दिवसा कुजबुजत असतात. आणि हा भूषण — तेच सगळं घसा फोडून गात होता, मागे जिग्नेशचा ड्रम खटाखट लूमसारखा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी रडले. चारचौघांत, हातातला समोसा तसाच ठेवून.

त्यानंतर एकही कार्यक्रम सोडला नाही. घरी सांगायची, कॉम्प्युटरचा क्लास आहे. आई दारातून विचारायची, ‘कोठे चालनी व?’ आणि मी क्लासचं दप्तर दाखवायची. झांजांचे स्टँड उचलायला मी, टी-शर्टच्या टेबलावर मी, ऑफिसातल्या मुलींना ओढून आणायला मी. प्रेमबीम नव्हतं. सगळ्यांना तोच संशय असतो. मला भूषण नको होता, मला बँड हवा होता — हाकेच्या अंतरावर, कॅफेतल्या त्या कोपऱ्यात.

विषय लांबवते आहे. कळतंय मला.

तर एका संध्याकाळी टेबलापाशी एक गृहस्थ आले. निळा कुर्ता, पांढरी होत चाललेली दाढी. बराच वेळ उभं राहून ऐकत होते. मग माझ्याकडे वळून पुणेरी मराठीत म्हणाले, ‘यांचं सगळं कोण बघतं?’

मी म्हटलं, मीच. यात खोटं तसं काही नव्हतं.

ते पुण्यात दोन दिवसांचा कार्यक्रम करायचे, मोकळ्या मैदानात, गावोगावचे नवे बँड बोलावून. यांना घ्यायचंच, म्हणाले. चेहरा असा खुलला होता त्यांचा! आणि मला काय दिसलं माहीत आहे? मैदान दिसलं. ती गर्दी दिसली. आणि त्या गर्दीत मी नव्हते. मला पुण्याला कोण जाऊ देणार होतं? क्लासची थाप पुण्यापर्यंत थोडीच ताणता येते? ते जातील, मग मुंबईला जातील, मग आणखी कुठे. आणि मी इथेच सुरतेत, दिंडोलीतल्या घरी, मोबाइलवर बघत बसेन.

मी म्हटलं, ‘ते सुरतेबाहेर वाजवत नाहीत.’

त्यांनी का म्हणून विचारलं. मी म्हटलं, घरच्या अडचणी आहेत, आणि खरं सांगायचं तर बँड मोडायलाच आलाय. किती सहज जमलं ते. त्यांनी वाईट वाटल्यासारखी मान हलवली आणि निघाले. भूषण तेव्हा तेच गाणं गात होता — रातपाळीचं. गाताना त्याची नजर दारापर्यंत त्यांच्या मागे गेलेली मी पाहिली.

नंतर त्याने विचारलं, कोण होता तो? मी म्हटलं, ‘पार्किंगचं विचारत होता.’

इथवर एक वेळ मी स्वतःला सांभाळून घेतलं असतं. पोरवय होतं, घाबरले, वगैरे. पण पुढचं ऐका.

काही महिन्यांनी भूषणने त्या पुण्याच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ पाहिला. स्टेजवर माइक घेऊन तेच गृहस्थ. सरावाच्या खोलीत त्याने फोन माझ्यासमोर धरला. मला वाटलं, संपलं — आता विचारणार. पण माझ्यावर संशय घेणं त्याच्या डोक्यातच आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं.

‘हाऊ माणूस आपलं गानं अर्धं सोडीसन गया व्हता,’ तो म्हणाला. ‘त्याले आवडनं नही. तुले काय वाटस?’

तेव्हा सांगता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं, की बाबा, तुझं गाणं त्याला फार आवडलं होतं. जिग्नेश ड्रमचे स्क्रू आवळत होता. भूषण माझ्याकडे बघत होता, कारण बँडबद्दल माझा शब्द त्याला शेवटचा वाटायचा.

मी म्हटलं, ‘नसेल आवडलं.’

त्यानंतर त्याने एकही नवं गाणं लिहिलं नाही. जुनी गाणी काही दिवस वाजवली, मग तीही बंद. जिग्नेश पूर्णवेळ गरब्यात गेला. भूषणला हजीऱ्याकडे एका कारखान्यात नोकरी लागली. नोकरी चांगली आहे. पण आपलं गाणं माणसाला थांबवून ठेवू शकत नाही, हे तो धरून बसला, आणि ते त्याला मी दिलं होतं.

मी अजूनही कार्यक्रमांना जाते. आता नवरा स्वतः सोडायला येतो. सुरतेत आता नवी पोरं वाजवतात, बडोद्याला जातात, मुंबईला जातात. गर्दीत उभी राहून मी टाळ्या वाजवते आणि मध्येच हात थांबतो.

गेल्या महिन्यात मी भूषणकडे गेले. सांगायलाच गेले होते. वाटेत रिक्षात वाक्यं जुळवली होती. दार त्याच्या मुलीने उघडलं, पाच-सहा वर्षांची असेल. तिने आधी ओठांवर बोट ठेवलं.

‘पप्पा झोपलेत,’ ती कुजबुजली. ‘रातपाळी होती.’

वहिनींनी चहा केला, कपबशीचा आवाज न करता. हळू आवाजात म्हणाल्या, तुमचं नाव नेहमी काढतात, ती होती म्हणून आमचा बँड इतका टिकला म्हणतात. मग विचारलं, ‘उठवू का त्यांना? तुम्ही आलात म्हटल्यावर रागावणार नाहीत.’

आतल्या खोलीचा पडदा हलत होता. पोरगी माझ्याकडे बघत होती.

‘नको,’ मी म्हटलं. ‘झोपू दे.’

चहा संपवला आणि चपला हातात घेऊन जिन्यापर्यंत अनवाणी आले.